गालावरचे अकरा व्रण

उस्ताद,

तुमची मुलगी मागच्या महिन्यात माझ्या दुकानात आली होती. जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक चित्र तिनं काउंटरवर ठेवलं आणि गाठ सोडायला लागली. आत काय आहे ते मला गाठ सुटायच्या आधीच कळलं. भाभींचं चित्र. चौदा वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याकडून करून घेतलेलं. मी आधी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो, कारण चित्राकडं बघायची हिंमत होत नव्हती. मग बघितलं. ओठ गेले होते. ओढणीचा हिरवा रंग राखाडी झाला होता, आणि सगळा चेहरा उन्हात विसरलेल्या वर्तमानपत्रासारखा फिकट पडला होता. तुम्ही होतात तोवर ते कपाटाच्या दाराला आतून लावलेलं असायचं. तुम्ही गेल्यावर तिनं ते बाहेर काढून आपल्या खोलीत खिडकीसमोर टांगलं. बारा वर्षं त्यावर दुपारचं ऊन पडत राहिलं. "चाचा," ती म्हणाली, "अब्बा म्हणायचे, तेलाचा रंग माणसाच्या आधी जात नाय. मग हे असं कसं झालं?" मी म्हणालो, त्या वर्षी तेलच खराब आलं होतं. बोलताना जीभ अडखळली नाही. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर ती अडखळत नसते. वर आणखी म्हणालो, "ठेवून जा. मी नवीन काढून देतो." ती गेली आणि मी शटर अर्धं ओढून बसून राहिलो. तिला तिच्या आईचा खरा चेहरा मिळावा एवढीच तुमची इच्छा होती, आणि ती पुरी करायची ही माझी शेवटची संधी होती, हे मला त्या वेळी चांगलं ठाऊक होतं.

मी तुमच्याकडं आलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. बाप पिशोरच्या शिवारातून मेंढरं घेऊन फिरणारा, आणि मी ट्रॅक्टरच्या मागं नावं रंगवून स्वतःला पेंटर समजणारा. शहागंजच्या मागच्या गल्लीत तुमची खोली, पडद्याच्या अलीकडं काम आणि पलीकडं घर. भाभी जाऊन वर्ष झालं होतं. तीन-चार वर्षांची तुमची पोर पडद्याखालून रांगत यायची आणि जवसाच्या तेलाच्या बाटल्यांशी खेळायची. मी भाभींना कधी पाहिलं नाही. तुम्ही पहिले सहा महिने मला ब्रशला हात लावू दिला नाही, लिफाफे दिले. गिऱ्हाईक मेलेल्या माणसाचा फोटो घेऊन यायचं, मोठं रंगीत चित्र पाहिजे म्हणायचं, आणि तुम्ही त्याला चहा पाजून तास तास प्रश्न विचारत बसायचात. हसताना तोंड उघडायचे का? घरात टोपी घालायचे का? स्टुडिओवाल्यानं चेहऱ्यावरचं काय काय पुसलंय? मी उत्तरं लिफाफ्यावर लिहायची. त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून देवीचे व्रण, डाग, सुरकुत्या सगळं बुजवून टाकायचे. फोटोत बघावं तर अख्खा जिल्हा गुळगुळीत गालांचा. गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "अहो, फोटो दिलाय की." तुम्ही शांतपणे म्हणायचात, "फोटो स्टुडिओवाल्याचा हाय. माणूस तुमचा हाय ना?"

एकदा तुम्ही नसताना मी सिल्लोडच्या एका कापूस व्यापाऱ्याची ऑर्डर घेतली. त्याच्या वडिलांचा फोटो. प्रश्न विचारले नाहीत, कारण मला आता सगळं येतं असं वाटायला लागलं होतं. चित्र झालं, त्याची म्हातारी आई बघायला आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हायेत तर हेच. पर काहीतरी नाय." तुम्ही फोटो हातात घेतलात. माझ्याशी तुम्ही मराठीत बोलायचात आणि राग आला की दखनीत. "जेब कौनसे बाजू को है रे?" शर्टाचा खिसा उजवीकडं होता. फोटो छापताना निगेटिव्ह उलटी लागली होती आणि मी तसाच्या तसा माणूस उतरवला होता. भांग, भुवईवरची खोक, सगळं दुसऱ्या बाजूला. "आदमी कू उलटा कर दिया तू. पूछा कायकू नहीं?" म्हणत तुम्ही हातातला ब्रश मला फेकून मारलात. लागला नाही फारसा. पण म्हातारीसमोर मारलात त्याचा मला पुढं कित्येक दिवस राग होता. मग तुम्ही ते चित्र पुसून पहिल्यापासून स्वतः काढलंत. म्हातारीनं फोटोतल्या नव्हे, चित्रातल्या नवऱ्याला डोक्यावरचा पदर नीट करून नमस्कार केला. तो नमस्कार बघून माझा राग गेला असं लिहिलं तर छान दिसेल, पण गेला नव्हता.

आता माझं दुकान टीव्ही सेंटरजवळ आहे. काचेवर लिहिलंय, फोटोवरून पोर्ट्रेट करून मिळेल. गिऱ्हाईक येत नाही, फोटो येतो, मोबाइलवर. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला, मागं मांडवाची झालर, खांद्यावर दुसऱ्याचाच हात. खाली निरोप असतो, कोट घाला, पाठीमागं निळं करा, शनिवारपर्यंत पाहिजे. मी विचारत नाही काही. कॉम्प्युटर फोटोचं चित्र करतो, मशीन ते कॅनव्हासवर छापतं, आणि मी वरून पारदर्शक जेलचा रुंद ब्रश फिरवतो. वाळलं की त्याच्या रेषा उठतात. लोक बोट फिरवून बघतात आणि म्हणतात, वा, हातानं काढलेलं दिसतंय. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. हल्ली तर काही जण चित्रसुद्धा मोबाइलवरच करून आणतात, मला फक्त छापून फ्रेम करायची असते. तुमचा शागीर्द आता सुतारकामात गेलाय असं समजा.

पण हे सगळं नवं नवं होतं तेव्हाची ती दुपार मला अजून दिसते. तुम्ही पलंगावर बसला आहात. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले त्याला चार वर्षं झालीत. मुलगी शाळेत शिकवायला गेलेली आहे. तुम्ही उशीखालून एक लिफाफा काढता आणि माझ्याकडं धरता, मी बसलोय त्याच्या थोडं डावीकडं. आत भाभींचा फोटो. लग्नातला, काळा-पांढरा, स्टुडिओतला. तुमच्या घरात चित्र लावायचा रिवाज नव्हता. तुमचे थोरले भाऊ तुमच्या कामावरूनच तुमच्याशी नीट बोलायचे नाहीत. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांच्या भिंतींवर त्यांची गेलेली माणसं लावलीत आणि स्वतःची भिंत कोरी ठेवलीत. "दो बार बैठा था मैं," तुम्ही म्हणालात, "आँखा थे तब. नहीं हुआ मेरे से." मग मराठीत, "पोरीला आई आठवत नाय. तीन वर्षांची होती. तिला हा फोटो म्हणजेच आई वाटते. हा तिची आई नाय." फोटोतला गाल आरशासारखा सपाट होता. तुम्ही मला जवळ बोलावलंत. म्हणालात, हलू नको. आणि माझ्या गालावर बोट टेकवून एकेक जागा दाखवलीत. उजव्या गालावर चार. डाव्यावर सात, त्यातला एक कानाच्या पाळीपाशी, मोठा, बोटाचं टोक बसेल एवढा. भाभींना लहानपणी देवी आल्या होत्या. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे ते व्रण तुम्ही माझ्या दाढी वाढलेल्या गालावर न चुकता मोजलेत. मी लिफाफ्यावर चेहऱ्याचा गोल काढून अकरा ठिपके दिले. कुणी माझ्या तोंडाला असा हात लावला नव्हता, बापानंसुद्धा. मला अवघडल्यासारखं झालं आणि मी काहीतरी थट्टा केली. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "घाई नाय. तेलात काढ."

मी तेलात काढलं नाही. का नाही काढलं त्याची कारणं मला पाठ आहेत, इतक्या वेळा स्वतःला सांगितलीत. एका शिक्षण संस्थेच्या संस्थापकांची नऊ चित्रं होती, उद्घाटनाची तारीख छापून झाली होती. छपाईचं मशीन तेव्हा शहरात नुकतंच आलं होतं. आधी फक्त भाभींचा फोटो मोठा करून बघावा म्हणून ऑपरेटरकडं दिला, तर त्यानं बसल्या बसल्या रंगीत करून दाखवला. ओढणी हिरवी, गाल गुलाबी. इतका सुंदर दिसला की मी म्हटलं, छापून तर ठेवू, वरून तेलरंगानं व्रण घालू, डोळ्यांत थोडं काम करू. मग त्या नऊ चित्रांत अडकलो. तुमचा एकदा निरोप आला, झालं का. मी घाईत जेल फिरवला, वाळवला, फ्रेम केली आणि घेऊन आलो. आणि खरं कारण वेगळंच होतं, ते एवढंच की उस्तादांना दिसत नाही. हे मी तेव्हा मनातल्या मनातही उच्चारलं नव्हतं. पण दुसरं काही नव्हतं.

तुम्ही हात धुतलेत. टॉवेलनं एकेक बोट पुसलंत. मी चित्र तुमच्या मांडीवर ठेवलं. तुम्ही आधी कड चाचपलीत, मग खाली वाकून वास घेतलात. जवसाचा वास नव्हता तिथं, प्लॅस्टिकचा होता. तेव्हाच तुम्हाला कळलं असणार. बोटं कपाळावरून उतरली, नाकावरून, मग डाव्या गालावर आली आणि तिथंच फिरत राहिली. जेलच्या रेषा सरळ आडव्या होत्या, गालाला गोलाई असते हे त्या ब्रशला माहीत नव्हतं. कानाच्या पाळीपाशी बोट गेलं, परत आलं, परत गेलं. तुम्ही म्हणालात, "साफ आलाय रे गाल." आणि मी, उस्ताद, मी ते कौतुक समजलो. मी म्हणालो, "हो तर. एक डाग ठेवला नाय." तुमचं बोट थांबलं. मग तुम्ही विचारलंत, "किती दिवस लागले?" मी म्हणालो, अठरा. "त्रास झाला असंल." मी म्हणालो, नाकानं फार छळलं, दोनदा पुसून काढलं. तुम्ही मला दार उघडून देत होतात आणि मी आतून कडी घालत होतो. "अच्छा," तुम्ही म्हणालात. "चाय पी के जा." मी चहा प्यालो. चांगला गोड होता. दिल्ली गेटपाशी गाड्यांच्या गर्दीत स्कूटर अडकली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि गाल गरम झाले, तुम्ही बोटं टेकवली होतीत तिथं तिथं. मागून हॉर्न वाजत होते. मी वळून परत यायला पाहिजे होतं. सरळ गेलो.

त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होतात. मी ईदला आलो, तुमच्या आजारपणात आलो, दर वेळी भाभींचा विषय निघेल म्हणून दाराशीच चपला घालायच्या बेतात बसायचो. तुम्ही कधी विषय काढला नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा जनाज्यात मी मागं मागं चाललो. कुणीतरी म्हणालं, हे त्यांचे सगळ्यात आवडते शागीर्द. मी मान खाली घातली, आणि लोकांना ते दुःख वाटलं.

मग मागच्या महिन्यात हे. मी नवा कॅनव्हास ताणला. जुने ब्रश काढले तर ते काडीसारखे वाळलेले, सगळे टाकून दिले. नवे आणले, जवसाचं तेल आणलं. तो लिफाफा मी सांभाळून ठेवला होता, एवढी एक गोष्ट मी नीट केली होती. सव्वीस दिवस काढत होतो. पहिले दहा दिवस नुसती माती. हात विसरला होता, उस्ताद. रेष मनात यायची आणि ब्रश भलतीकडं जायचा. गालाचा रंग करायला घेतला की चिखल व्हायचा. दोनदा पुसून काढलं, आणि या वेळी ते खरं होतं. तुमच्यासारखं नाही जमलं. नाक थोडं जाड झालं, डावा डोळा किंचित वर गेला. पण शेवटच्या दिवशी मी व्रण घालायला घेतले. प्रत्येकाच्या एका कडेला सावली, दुसऱ्या कडेला उजेडाचा बारीक कोंब. अकरावा, कानापाशी. तो झाला आणि त्या गुळगुळीत बाईच्या जागी कुणीतरी माणूस बसलं. मी न पाहिलेली भाभी. मी कितीतरी वर्षांनी कामावर खूश होतो. तिला सगळं सांगायचं ठरवलं होतं. पहिलं वाक्यसुद्धा ठरलं होतं, की बेटा, ते आधीचं मी काढलेलं नव्हतं.

ती शनिवारी शाळा सुटल्यावर आली. पर्स खांद्याला तशीच, उभ्यानं बघत राहिली. मी वाक्य तोंडाशी आणलं. "चाचा, लई छान झालंय," ती म्हणाली. मग पुढं झुकली. "पण हे गालावर काय आलंय?" मी म्हणालो, "बेटा..." ती म्हणाली, "अम्मीचा चेहरा साफ होता ना. अब्बा किती वेळा सांगायचे. शेवटी शेवटी तर रोज कपाट उघडून हात फिरवायचे अन् म्हणायचे, तेरी अम्मी का गाल ऐसाच था, साफ. तेरे चाचा ने बराबर निकाला." तिला तुमची आठवण आली असावी, डोळे पुसले तिनं.

हे तुम्ही का केलंत? तुम्हाला तो गाल ठाऊक होता. माझी लाज राखायला तुम्ही त्या पोरीला खोटी आई दिलीत, तेही रोज, स्वतःच्या तोंडानं. की तिच्या हातात आता तेवढंच आहे, ते तरी मोडू नये असं वाटलं तुम्हाला? मला तुमचा फार राग आला त्या क्षणी. म्हातारीसमोर ब्रश मारलात तेव्हापेक्षा जास्त. मला मारायचं होतंत, तिला नव्हतं. आणि लगेच दुसरा विचार आला, की मी आता खरं सांगितलं तर उस्ताद खोटे ठरतील. तो विचार मला लई सोयीचा वाटला. मी म्हणालो, "सावल्या जरा जास्त झाल्या. काढून देतो."

रंग ओला होता अजून. मी कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि उजव्या गालापासून सुरुवात केली. ती शेजारी उभी राहून मदत करत होती. "चाचा, इकडं अजून एक राहिला," म्हणून तिनं कानापाशी बोट दाखवलं. तोही पुसला. वरून गुलाबी रंगाचा हात दिला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

आता त्या गालावर काय होतं हे माहीत असलेला मी एकटाच उरलोय, आणि मीही पंचावन्नचा झालो. तुमचं घर तेच आहे, पत्ता मला तोंडपाठ आहे. पण हे पाकीट तिथं गेलं तर ते तीच उघडणार, आणि मराठी ती माझ्यापेक्षा चांगली वाचते. म्हणून हे मी पोस्टात टाकणार नाही.

चित्र उजेडात धरून ती म्हणाली, "आता झाली अम्मी." मला तेव्हा वाईट वाटायला पाहिजे होतं, उस्ताद. मला सुटल्यासारखं वाटलं.